जुन्या ईकोची दारं आणि डिकी: आपटण्याआधी काय बघायचं

सरकतं दार नीट लागेनासं झालं की घरातला प्रत्येक जण एकच उपाय करतो, पुढच्या वेळी आणखी जोरात ओढतो. मी भांडुपला गॅरेजमध्ये दारं, लॉक आणि काचा यांचंच काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या व्हॅनची दारं बहुतेक वेळा अगदी किरकोळ कारणाने अडलेली असतात, मोडतात ती आपटून आपटून. दार ज्या छोट्या चाकांवर सरकतं त्या रोलरखाली आलेला खडा ब्रशने निघतो. त्याच खड्यावरून पावसाळाभर दार ओढत राहिलं की आधी रोलर झिजतो, मग त्याचा हात वाकतो, मग पट्टीला खाच पडते आणि शेवटी लॉक जातं. म्हणून खाली जे काही सांगतोय त्यात एकच धरून चाला: जोर लावावासा वाटला की तिथेच हात थांबवायचा आणि टॉर्च घ्यायची.

उदाहरणाला मारुतीची ईको घेतो, कारण मुंबईत मोठ्या कुटुंबाकडे सरकत्या दारांची जुनी गाडी म्हणजे बहुधा तीच. आधीच्या ओम्नी आणि वर्सालाही यातलं बरंचसं लागू पडतं. ईको बाजारात आली २०१० साली. म्हणजे पहिल्या गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी संपली, त्यांना आता आरटीओत तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. दारांची कामं त्याआधी उरकून घ्यावीत.

सरकतं दार

हे दार तीन पट्ट्यांवर चालतं. एक वर छताच्या कडेला, एक खाली पायरीत आणि एक मधली, गाडीच्या बाहेरच्या अंगाला, मागच्या काचेखाली दिसते ती. दाराची पुढची बाजू वरच्या आणि खालच्या रोलरने धरलेली असते, मागची बाजू एकट्या मधल्या रोलरवर असते. एवढं लक्षात ठेवलं की दोष कुठे आहे ते हाताने कळतं. दार अर्धं उघडा, मागच्या कडेला खालून दोन्ही हात घाला आणि हलकेच उचलून बघा. मागची बाजू खडखडत वर येत असेल तर मधला रोलर किंवा त्याची पिन झिजलीय. मग पुढचा खालचा कोपरा तसाच उचला. तिथे ढिलाई असेल तर पायरीतला रोलर गेलाय. दारामागचा रंग एका ठिकाणी घासून पत्रा दिसू लागला असेल, तर तीही मधल्या रोलरचीच तक्रार.

पण रोलर बदलायच्या आधी पट्टी साफ करा. गणपतीला कोकणात जाऊन आलेल्या गाडीच्या खालच्या पट्टीत मला काय काय सापडतं: चुरमुरे, शेंगांची टरफलं, लाल माती, दुर्वांच्या काड्या, बारीक खडी. पाऊस आणि मातीचा मिळून त्याचा घट्ट थर होतो. दार पूर्ण उघडा, सुका कचरा जुन्या टूथब्रशने मोकळा करून व्हॅक्युमने ओढून घ्या. मग रॉकेलात किंचित भिजवलेलं फडकं पट्टीच्या आतल्या वळणापर्यंत फिरवा. पट्टी पुढच्या टोकाला आत वळते, सगळ्यात जास्त घाण त्याच वळणात बसते आणि नेमकं तिथेच दार अडतं. रोलर बोटाने फिरवून बघा. मोकळा आणि गोल फिरला तर चांगला. अडकत फिरत असेल किंवा एका बाजूला चपटा झाला असेल तर कितीही तेल घाला, तो सुधारणार नाही.

तेलाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे घरोघरी वेगळं औषध असतं. खोबरेल तेल घालू नका. साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजतं आणि मुंबईत जानेवारीच्या पहाटे तेवढा गारवा सहज असतो. शिवाय धूळ धरून त्याचा चिकट लगदा होतो. डब्ल्यूडी-४०चा फवारा गंज सोडवायला आणि पाणी हटवायला उत्तम, पण कायमचं वंगण म्हणून तो टिकत नाही. त्याने साफ करा, पुसा आणि मग रोलरच्या पिनला, बिजागरीला, लॉकला पांढरं लिथियम ग्रीस लावा. पट्टीवर मात्र बोटभर ग्रीस थापायचं नाही, फडक्यावर घेऊन नुसता हात फिरवायचा. बीडिंगला, म्हणजे चौकटीच्या कडेने फिरणाऱ्या रबराला, ग्रीस किंवा रॉकेल अजिबात नको, त्याने रबर फुगतं. तिथे सिलिकॉनचा स्प्रे.

मधला रोलर घरी बदलता येतो, पण एकट्याने हात घालू नका. दार जड असतं, आणि बोल्ट सुटल्यावर ते बाहेरच्या अंगाला कलंडतं. दाराखाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर जुनी गोधडी, आणि एक माणूस फक्त दार धरायला. बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सोडवण्याआधी रोलरचा हात जिथे बसलाय तिथे मार्करने रेघ ओढा, म्हणजे नवा त्याच जागी बसतो. एका वेळी एकच रोलर काढा. तिन्ही एकदम सोडवले तर दार परत बसवायला चार माणसं लागतील.

आणखी एक गोष्ट, जी गॅरेजात कुणी विचारत नाही. कन्नमवार नगरच्या एक ताई दर वर्षा-दीड वर्षाने डाव्या दाराचा रोलर बदलायला यायच्या. शेवटी त्यांना म्हटलं, एकदा सगळ्यांना घेऊनच या. सासूबाई गाडीत चढल्या आणि मला कारण दिसलं. गुडघे दुखतात म्हणून त्या सरकत्या दाराची कड धरून अंग वर ओढत होत्या. सगळा भार त्या एका रोलरवर. मी मधल्या खांबाला आतून एक भक्कम हँडल बसवलं आणि म्हटलं, "आजी, आता दार नाही धरायचं, हे धरायचं." त्या म्हणाल्या, "अरे, हे आधी का नाही लावलंस?" घरात वयस्कर माणसं असतील तर रोलरच्या आधी हँडल लावा. बोल्ट मात्र नुसत्या पत्र्याला नको, मागे जाड पट्टी देऊन घट्ट करून घ्या.

लागत नाही, की उघडत नाही?

दोन्ही तक्रारी लॉकच्या, पण वाटा वेगळ्या.

दार लागतच नसेल, आपटून परत येत असेल, तर दार उघडं ठेवून लॉककडे बघा. दाराच्या कडेला लोखंडी जबडा दिसेल. दार लागताना तो खांबावरच्या कडीला, म्हणजे स्ट्रायकरला पकडतो. दार उघडं असताना जबडा उघडाच हवा. कधी कुणी खेळता खेळता तो दाबतो, कधी आपटल्याने तो आपोआप मिटतो. मग मिटलेल्या जबड्यात कडी शिरणार कुठून? बाहेरचं हँडल ओढून धरा आणि पेचकसाने जबडा उघडा. सुटला की काम झालं. आता तोच पेचकस कडीच्या जागी धरून जबडा हळू दाबून बघा. दोनदा "टक" व्हायला हवं. पहिला टक म्हणजे दार अर्धवट लागलं, दुसरा म्हणजे पूर्ण लागलं. दुसरा ऐकू येत नसेल तर आतला खटका ग्रीस वाळल्याने जाम झालाय किंवा त्याची स्प्रिंग थकलीय. रॉकेलाच्या ब्रशने धुवा, सुकू द्या, नवं ग्रीस द्या, परत दाबून बघा. पहिल्या टकवर धावणारी गाडी धोक्याची आहे, खड्ड्यात दार सुटू शकतं. मुलं त्या दाराला टेकून बसलेली असतात. ही दुरुस्ती उद्यावर टाकू नका.

दोन्ही टक येतात आणि तरी दार एका रेषेत बसत नाही, तेव्हाच स्ट्रायकरकडे वळा. दार अगदी सावकाश लावत आणा आणि शेवटच्या बोटभर अंतरात ते वर उचकतं का, खाली बसतं का, हे बघा. उचकत असेल तर स्ट्रायकर दाराचं वजन उचलतोय, जे त्याचं काम नाही. आधी रोलर किंवा बिजागरी बघा. तिथे सगळं ठीक असेल तर स्ट्रायकरभोवती पेन्सिलने रेघ काढा, स्क्रू थोडे ढिले करा, एखाद मिलिमीटर सरकवा, घट्ट करा, दार लावून बघा. फार सरकवायची गरज पडत असेल तर दोष दुसरीकडे आहे. हे स्क्रू जुन्या गाडीत जाम बसलेले असतात. साध्या पेचकसाने त्यांची खाच उडते. हातोडीने ठोकून फिरतो तो इम्पॅक्ट पेचकस वापरा.

दार उघडत नसेल तर पहिला प्रश्न: आतून की बाहेरून? बाहेरून उघडतं आणि आतून नाही, तर आधी दाराच्या कडेचा चाइल्ड लॉकचा खटका बघा. नुसता हा खटका खाली केलेली गाडी लोक "लॉक बिघडलं" म्हणून घेऊन येतात. आतून उघडतं आणि बाहेरून हँडल नुसतंच हलतं, तर हँडल ते लॉक जाणाऱ्या सळीची प्लॅस्टिकची क्लिप तुटलीय. क्लिप किरकोळ किमतीची असते, सगळी मेहनत दाराचा पॅड, म्हणजे आतलं आवरण, काढण्यात. दोन्हीकडून उघडत नसेल तर एकाने दार बाहेरून आत दाबून धरायचं आणि दुसऱ्याने हँडल ओढायचं. उघडलं तर लॉक चांगलं आहे, बीडिंगचा किंवा स्ट्रायकरचा ताण जास्त आहे.

किल्लीच्या भोकात तेल घालू नका, ग्राफाइटची पूड घाला.

पुढची दारं साधी बिजागरीची, त्यात फारसं काही नाही. दार अर्धं उघडून खालून उचला, हललं तर बिजागरीचे बोल्ट आवळा, तरी हललं तर पिन बदलून घ्या. काच जड चढत असेल तर चॅनलच्या रबरात सिलिकॉन स्प्रे मारा. काच फिरवायचं हँडल काढायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. हँडलच्या मागे घोड्याच्या नालीसारखी तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्या फटीत सुती कापडाची पट्टी घाला, दोन्ही टोकं धरून डावीकडे-उजवीकडे घासत वर ओढा. कापडाचा धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि क्लिप उडून बाहेर येते. डोळे जपा, आणि ती क्लिप कुठे पडते तिकडे लक्ष ठेवा.

पावसाचं पाणी

मुंबईत दारं आपटण्याने जेवढी जात नसतील तेवढी पाण्याने जातात. ज्या दाराची काच वर-खाली होते त्याच्या आत पाणी जाणारच. काचेवरून ओघळलेला पाऊस दाराच्या पोकळीत उतरतो आणि खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतो, दार बनवलंच तसं आहे. ती भोकं चिखलाने बुजली, किंवा रंगाऱ्याने लांबी (पुट्टी) भरताना बुजवली, की पाणी आतच साठतं. दार हलवल्यावर डबक डबक आवाज येतो तो त्याचा. मे महिन्यात प्रत्येक दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा, सरकत्या दारांच्या आणि डिकीच्याही. भोकं सापडतील. केबल टायच्या प्लॅस्टिकच्या टोकाने मोकळी करा. टोकदार लोखंडाने खरवडू नका, आतला रंग निघाला की गंज तिथूनच सुरू होतो. वरळी, माहीमसारख्या समुद्राजवळच्या भागात गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर खालच्या दुमडीत गंजरोधक मेणाचा स्प्रे मारून घ्या.

दाराचा पॅड काढाल तेव्हा आत डांबरी गोंदाने चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ कागद दिसेल. तो बिनकामाचा समजून फाडून फेकतात. पोकळीतलं पाणी गाडीच्या आत येऊ न देणारा पडदा तोच आहे. फाटला असेल तर जाड प्लॅस्टिक त्याच मापाने कापून परत चिकटवा, खालची कड आधी. मॅटखाली ओल येते आणि कारण सापडत नाही, अशा गाडीत मी सगळ्यात आधी हा कागद बघतो.

बीडिंग तपासायला वर्तमानपत्राची पट्टी पुरते. पट्टी चौकटीत ठेवून दार लावा आणि ओढा. घट्ट धरून येते ती जागा चांगली, सरकून निघते तिथून पाणी येणार. बोटभर अंतरावर एकेक जागा बघत सगळी चौकट फिरा. मग नळीने पाणी मारायचं ते खालून वर चढत जायचं. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही.

डिकी

इथे मी सगळ्यात कडक बोलतो. डिकी वर धरून ठेवणारे शॉकर थकले की लोक आत लाकडी दांडकं ठेवतात आणि वर्षानुवर्षं तसंच चालवतात. सामान काढताना धक्का लागून दांडकं निसटलं की ती डिकी सरळ डोक्यावर येते. लालबाग-परळच्या कारखान्यातून मूर्ती आणताना दोन्ही हात गुंतलेले असतात, मान खाली असते. त्या क्षणी वरचं दार स्वतःच्या ताकदीवर उभं राहायला हवं.

शॉकर म्हणजे दाबाने नायट्रोजन भरलेली नळी. वायू हळूहळू झिरपतो आणि जोर कमी होतो. सुरुवातीला हे फसवं असतं: दुपारी उन्हात डिकी व्यवस्थित वर राहते, कारण गरम वायूचा दाब वाढलेला असतो, आणि थंडीच्या सकाळी तीच डिकी सावकाश खाली येते. सकाळची परीक्षा खरी धरा. दांड्यावर तेलाचा ओघळ किंवा गंजाचे ठिपके दिसले तरी शॉकर संपल्यात जमा. नेहमी जोडी बदला. एकच नवा टाकला तर डिकी तिरकी उचलली जाते आणि बिजागरीवर पीळ पडतो. जुन्या नळीवर न्यूटनमध्ये जोर छापलेला असतो. तो आकडा आणि लांबी दोन्ही जुळवूनच घ्या. जास्त जोराचा घेतला तर डिकी लावताना घरातल्या बायकांना आणि मुलांना लटकावं लागतं.

बदलताना एक उंच माणूस डिकी धरून उभा हवा, शिवाय दांडकं. जुना शॉकर कुठल्या बाजूने बसवलाय त्याचा फोटो काढा. बहुतेक गाड्यांत डिकी बंद असताना दांडा खालच्या अंगाला राहतो, म्हणजे आतलं थोडं तेल दांड्याभोवतीच्या सीलला ओलं ठेवतं. टोकाच्या वाटीवरची स्टीलची क्लिप बारीक पेचकसाने जराशी उचला, पूर्ण उपटू नका, आणि शॉकर ओढून काढा. नवा बसवताना "कट" आवाज यायला हवा. दांडा पक्कडीत धरू नका, एक ओरखडाही सील कापतो. जुना शॉकर जाळू नका, त्याला भोक पाडू नका, वेल्डिंग तर नाहीच, आत अजून दाब असतो.

दुसरी गोष्ट, डिकी उघडी बांधून गाडी चालवणं. प्लायवूड, मखर, फ्रिज, काहीही असो, मी नाहीच म्हणतो. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर उघड्या डिकीतून आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सीएनजीवर धूर दिसत नाही, म्हणून धोका नाही असं समजू नका. सामान मोठं असेल तर टेम्पो करा. बंद डिकीचं बीडिंग फाटलं असेल तरी हेच थोड्या प्रमाणात होतं, म्हणून वर्तमानपत्राची परीक्षा डिकीलाही घ्या.

डिकी खडखडत असेल तर लॉकच्या आधी कडेचे रबरी बफर बघा. झिजले असतील तर बदला. आट्याचे असतील तर अर्धा आटा बाहेर काढून बघा. डिकी बाहेरून उघडतच नसेल तर मागची सीट पाडून आत शिरा, डिकीचा आतला पॅड काढा आणि लॉकची सळी पेचकसाने सरकवा. काच फोडायची किंवा लॉक ड्रिल करायची वेळ क्वचितच येते.

डिकीवरचा वायपर, दिवा किंवा बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकची मोटर कधी चालते, कधी नाही, असं झालं तर वरच्या कोपऱ्यातली रबरी नळी सरकवून आतल्या वायरी बघा. प्रत्येक उघडझाकीत त्या तिथेच वाकतात आणि आतून तुटतात. दिवा चालू ठेवून डिकी सावकाश वर-खाली करा. मिचकावला की दोष सापडला. बॅटरीची निगेटिव्ह काढा, लवचिक वायरचा तुकडा घालून डाग द्या (सोल्डर करा), वर गरम केल्यावर आवळणारी श्रिंक नळी बसवा, आणि जोड वाकणाऱ्या जागेपासून दूर ठेवा. नुसत्या पिळून टेप लावलेल्या वायरी पहिल्या पावसात दगा देतात.

पत्राच सडला असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुनं दार मिळतं. लोहचुंबक घेऊन जा. खालच्या कडेवर जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे. दुमडीत नखाने दाबून बघा, भोकं मोकळी आहेत का बघा, मागची कड आणि रोलरची जागा वाकलेली नाही ना बघा. पावती घ्या, बिनपावतीचं दार कितीही स्वस्त असो, सोडून द्या. आणि आपल्या जुन्या दारातलं किल्लीचं लॉक काढून या आणलेल्या दाराला लावून घ्या, म्हणजे घरच्यांना दोन किल्ल्या सांभाळाव्या लागणार नाहीत.